बाजारातला आगमनकाळ

(कुटुंबात आणि लहान ख्रिस्ती समूहात वाचण्यासाठी पाठ)



आगमनकाळ म्हणजे प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचा काळ, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. चार रविवार, चार मेणबत्त्या, जांभळी वस्त्रे, पापनिवेदन आणि मग नाताळची रात्र. पण या चार आठवड्यांत आपला जास्तीत जास्त वेळ कुठे गेला, असे घरातल्या कुणालाही विचारले तर खरे उत्तर बहुधा एकच येईल : बाजारात. मुलांचे कपडे, शिंप्याकडच्या फेऱ्या, गोठ्यासाठी गवत आणि दिवे, दारावरचा तारा, कुलकुल-करंज्यांचे सामान, केकसाठी काजू-मनुका, पाहुण्यांसाठी भेटी. पापडीचा बाजार असो, वसई स्टेशनबाहेरची दुकाने असोत की दादरची गर्दी, डिसेंबरात आपण तिथे असतोच.

यात वाईट काहीच नाही. सण म्हटला की सामान आले, आणि सामान म्हटले की बाजार आला. प्रश्न एवढाच आहे, की चर्चमधून बाजारात जाताना आपला आगमनकाळ आपल्याबरोबर येतो, की तो आपण चर्चच्या बाकावरच ठेवून जातो? आजच्या पाठात पवित्र शास्त्राच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

'आम्ही काय करावे?'

आगमनकाळाचा तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटते. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात 'क' वर्षी त्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला उतारा (३:१०-१८) वाचला जातो. यार्देनच्या काठी लोक योहानाला विचारतात, की मग आम्ही काय करावे? योहान स्वतः अरण्यात राहणारा, पण तो कुणालाही घरदार सोडून अरण्यात यायला सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, आणि अन्नाचेही तसेच करावे, असे तो सांगतो. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा जास्त वसूल न करण्याची ताकीद देतो. शिपायांना तो सांगतो, की धाक दाखवून कुणाचे पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना.

ही तिन्ही उत्तरे नीट पाहू या. ती कपड्यांविषयी, अन्नाविषयी आणि पैशांविषयी आहेत. जिथे पैसा या हातातून त्या हातात जातो, तिथेच प्रभूचा मार्ग सरळ करायचा आहे, असे योहान सांगतो. म्हणजे बाजार आगमनकाळाच्या बाहेर नाही. आपल्या तयारीची पहिली परीक्षा तिथेच आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या 'कारितास इन वेरिताते' या विश्वपत्रात (क्र. ६६) हेच वेगळ्या शब्दांत मांडले आहे. विकत घेणे हा केवळ पैशांचा व्यवहार नसून ते एक नैतिक कृत्यही असते, असे ते शिकवतात.

सौम्यता म्हणजे काय?

त्याच रविवारचे दुसरे वाचन संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातले आहे (४:४-७). पौल तुरुंगात असताना हे पत्र लिहितो, तरी प्रभूमध्ये आनंद करा असे सांगतो. आणि लगेच पुढे सांगतो, की तुमची सौम्यता सर्व माणसांना कळून येऊ द्या, कारण प्रभू जवळ आहे.

इथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'एपिएइकेस' असा आहे. त्याचा अर्थ नुसते गोड बोलणे एवढाच नाही. पौलाच्या सुमारे चारशे वर्षे आधी होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला आहे. कायदा आपल्या बाजूने असतानाही जो आपला हक्क शेवटच्या टोकापर्यंत ताणत नाही, आपल्या वाट्यापेक्षा थोडे कमी घ्यायला तयार होतो, तो एपिएइकेस माणूस. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याचे मन मोठे आहे, जो थोडे सोडून देऊ शकतो, तो सौम्य.

दुसरी गोष्ट 'सर्व माणसांना' या शब्दांची. ही सौम्यता केवळ आपल्या धर्मग्रामातल्या ओळखीच्या माणसांसाठी नाही. आपल्याला तारा विकणारा, गोठ्याचे दिवे विकणारा, कापड फाडून देणारा, सामान घेऊन दारात येणारा मुलगा, यांतले बरेच जण ख्रिस्ती नसतात. त्यांनी आपली मिस्सा पाहिलेली नसते, आपली कॅरल गीते ऐकलेली नसतात. पण आपला नाताळ ते दरवर्षी पाहतात, आपल्या बोलण्यात आणि वागण्यात. गोठ्यातल्या बाळाची ओळख त्यांना कुणी करून द्यायची असेल, तर ती आपणच करून द्यायची आहे. पाकीट हातात धरून आपण उभे असतो, तेव्हाच ती ओळख होत असते.

घासाघीस किती आणि कुठपर्यंत?

भाव करणे हे पाप नाही. आपल्या बाजाराची ती रीत आहे. विकणारा थोडा चढवून सांगतो, घेणारा थोडा उतरवून मागतो आणि मधे कुठेतरी दोघांचे जमते. दोघेही हसत वेगळे झाले, तर तो व्यवहार चांगला झाला. पण या रीतीलाही मर्यादा आहे, आणि पवित्र शास्त्राला ती चांगली ठाऊक आहे.

नीतिसूत्रांच्या ग्रंथात (२०:१४) एक ग्राहक आहे. समोर माल असताना तो 'खराब आहे, खराब आहे' असे म्हणत राहतो आणि घरी गेल्यावर मात्र किती स्वस्तात मिळवला म्हणून बढाई मारतो. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. चांगल्या मालाला मुद्दाम नावे ठेवणे हे खोटे बोलणेच आहे, मग ते दहा रुपयांसाठी का असेना. बेनसिराच्या ग्रंथात (२७:२) याहून कडक इशारा आहे. दोन दगडांच्या फटीत खुंटी घट्ट बसते, तसे खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये पाप घुसून बसते, असे तो सांगतो. विशेष हे, की तो एकट्या दुकानदाराला दोष देत नाही. फट दोघांच्या मधे आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथात सातव्या आज्ञेचे स्पष्टीकरण देताना (क्र. २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे अन्यायाचे म्हटले आहे. हाच आरसा आपण ग्राहक म्हणून स्वतःसमोर धरू या. संध्याकाळी सात वाजता भाजीवालीच्या पाटीत चार जुड्या उरल्या आहेत. उद्या सकाळी त्या कोमेजणार, हे तिला माहीत आहे आणि आपल्यालाही. त्या वेळी आपण निम्म्या भावात मागतो, तेव्हा ती भाजी स्वस्त झालेली नसते. तिची अडचण आपल्या हाती लागलेली असते. थोडे कमी मागणे निराळे आणि तिची कोंडी पाहून मागणे निराळे. मॉलमध्ये छापील किंमत पाहून आपण मुकाट्याने कार्ड पुढे करतो, आणि फुटपाथवर पाच रुपयांसाठी आवाज चढवतो. आपला हक्क आपण कुठे ताणतो आणि कुठे सोडतो, हे पाहिले तर बहुतेक वेळा तो आपण दुबळ्या माणसापुढेच ताणतो. पौलाने सांगितलेल्या सौम्यतेच्या हे नेमके उलट आहे.

आपणही पाटीमागेच बसलेल्यांची मुले

वसईच्या आपल्या कुटुंबांना ही गोष्ट दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, केळी घेऊन मुंबईला जात होत्या. वाडीतला माल, डोक्यावर पाटी, डब्यातली गर्दी, मग दिवसभर रस्त्याच्या कडेला बसणे. कुणी भाव पाडून मागितला की काय वाटते, कुणी 'ए' करून हाक मारली की काय वाटते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या कमाईवर घरे उभी राहिली, मुले शिकली, कुणी शिक्षक झाली, कुणी बँकेत लागली, कुणी परदेशी गेली. आजही आपल्यातल्या काही भगिनी हेच कष्ट करतात.

आता पाटीच्या पलीकडे आपण उभे आहोत आणि अलीकडे कुणी दुसरे बसले आहे. कदाचित ते दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून पोटासाठी आलेले असेल. त्यांची भाषा वेगळी म्हणून हाक मारतानाच आपला आवाज बदलत असेल, तर आपण थांबायला हवे. अनुवादाच्या ग्रंथात (१०:१९) देव इस्राएलला सांगतो, की परक्यावर प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. आपल्याला तो हेच सांगेल, की पाटीमागे बसलेल्याशी प्रेमाने वागा, कारण तिथे तुमची आजी बसली होती. 'मावशी', 'काका', 'दादा', 'ताई' हे आपल्या भाषेतले शब्द फुकट मिळतात. ते वापरायला काय हरकत आहे?

काउंटरमागचे कामगार, शिंपी आणि दारात येणारा मुलगा

सणाच्या दिवसांत कापडाच्या दुकानातल्या मुलीला सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहावे लागते. वीस साड्या काढून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, आणि ग्राहक काही न घेता निघून गेला तर मालकाचेही ऐकायचे. दुकानातल्या कामगारांना बसायला आसन मिळावे म्हणून केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली आपल्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती केली. बसायला मिळावे यासाठी कायदा करावा लागतो, यावरून त्या कामाचे कष्ट समजावेत. दुकानातला भाव त्या मुलीने ठरवलेला नसतो. सवलत संपल्याची पाटीही तिने लावलेली नसते. मग आपला राग तिच्यावर का?

याचा अर्थ फसवणूक मुकाट्याने सोसायची असा मात्र नाही. खरी वजने आणि खरी मापे वापरण्याची आज्ञा देवानेच दिली आहे (लेवीय १९:३५-३६). वजन कमी भरले तर पुन्हा करून मागावे. बंद पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त कुणी मागितले तर नकार द्यावा. बिल घ्यावे. तक्रार असेल तर ती मालकाकडे करावी, आणि गरज पडली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागावी. सत्यासाठी उभे राहता येते आणि आवाज खालीही ठेवता येतो.

शिंप्याची गोष्ट थोडी वेगळी. डिसेंबरच्या मध्यावर कापड टाकायचे, २३ तारखेला मागायचे, उशीर झाला की रागवायचे, आणि कपडे हाती आले की 'पैसे नाताळनंतर देतो' म्हणायचे, असे कुठे कुठे घडते. घरी ऑर्डर घेऊन कुलकुल आणि करंज्या करून देणाऱ्या भगिनींच्या वाट्यालाही हेच येते. त्यांच्या घरीही नाताळ असतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे, असे अनुवादाच्या ग्रंथात (२४:१४-१५) सांगितले आहे. याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणे परमेश्वराच्या कानी जाते. नव्या कपड्यांत आपण मध्यरात्रीच्या मिस्सेला जाऊ, तेव्हा त्या कपड्यांची शिलाई दिलेली असावी.

आणि आता सामान दारात आणून देणारी मुलेही आहेत. घड्याळाशी स्पर्धा करत ती गाडी चालवतात. उशीर झाला म्हणून तक्रार नोंदवण्यापूर्वी दोन मिनिटे विचार करावा. पाण्याचा पेला पुढे करावा. तहानलेल्याला पाणी देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण पाठ केले होते. ते करण्याची संधी आता दारापर्यंत चालत येते.

शेतकऱ्यासारखा धीर

'अ' वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी याकोबाच्या पत्रातला धीराविषयीचा उतारा (५:७-१०) वाचला जातो. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत भूमीच्या मोलवान पिकासाठी कसा थांबतो, ते पाहा, असे याकोब सांगतो. येशूच्या देशात पहिला पाऊस हिवाळ्याच्या तोंडावर पडतो आणि शेवटचा वसंत ऋतूत. आपल्याकडे मृगाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कितीही घाई केली तरी पाऊस त्याच्या वेळीच येतो, आणि रोप ओढून वाढत नाही.

पण याकोब तिथेच थांबत नाही. पुढच्याच वाक्यात तो एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका असे बजावतो, कारण न्यायाधीश दारापाशी उभा आहे. धीर धरायचा तो देवाची वाट पाहताना आणि माणसांशी वागतानाही. यासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, राग लवकर पेटू न देणे. बिलाच्या रांगेत पुढचे आजोबा मोबाइलवरून पैसे देताना अडखळतात. मागच्या बाईचे मूल रडत असते. यंत्र बंद पडते. तेव्हा आपल्याला उशीर होतो खरा, पण हाच आपला पाऊस आहे. तो आपल्या हातात नाही. त्या दहा मिनिटांत मनातल्या मनात माळेतले एखादे रहस्य म्हणता येते, किंवा त्या आजोबांना मदत करता येते.

धीराची खरी गरज मात्र पुष्कळदा बाजारातून घरी आल्यावर लागते. पिशव्या खाली ठेवल्या की 'एवढे पैसे गेले कुठे?' यावरून पतिपत्नीत शब्द वाढतात. दुकानात हट्ट केला म्हणून मूल मार खाते. दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईने एक वस्तू विसरली म्हणून तिला ऐकून घ्यावे लागते. दुकानदाराशी गोड आणि घरच्यांशी कडू, असे आपले होऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कुटुंबांना तीन शब्दांची आठवण करून दिली होती : 'करू का?', 'आभारी आहे' आणि 'माफ करा'. पुढे २०२० सालच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात (क्र. २२२-२२४) त्यांनी दयाळूपणावर एक छोटे प्रकरणच लिहिले, आणि घाईत बुडालेल्या जगात थांबून असा शब्द बोलणाऱ्यांकडे लक्ष वेधले. हे शब्द घरातून सुरू झाले तरच बाजारात टिकतील.

पवित्र कुटुंबाची खरेदी

शेवटी गोठ्याकडे पाहू या. बाळ येशूला मंदिरात अर्पण करताना मरिया आणि योसेफ यांनी होल्यांचा जोडा किंवा कबुतराची दोन पिल्ले हे अर्पण दिले, असे लूक सांगतो (२:२४). नियमाप्रमाणे कोकरू द्यायचे असे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी ही सवलत होती (लेवीय १२:८). म्हणजे पवित्र कुटुंब हे हातात थोडे पैसे असलेले, आपल्याला काय परवडेल याचा हिशेब करणारे कुटुंब होते. पक्षी विकणाऱ्यापुढे योसेफ उभा राहिला असेल, तर त्याने कोकराकडे पाहून मग कबुतरांचा भाव विचारला असेल.

आजही बाजारात असा बाप असतो. एखादा फ्रॉक हातात घेऊन तो किमतीची चिठ्ठी पाहतो आणि परत ठेवतो. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जिथे नाताळ जवळ आला की आनंदाआधी धास्ती येते. लोक काय म्हणतील म्हणून ती कर्ज काढतात. आपण एकमेकांच्या कपड्यांकडे, भेटींकडे आणि रोषणाईकडे कसे पाहतो, त्यावर त्यांची ही धास्ती वाढते किंवा कमी होते. आपली खरेदी थोडी साधी झाली, तर शेजाऱ्यालाही साधे राहण्याची मोकळीक मिळते. हासुद्धा एक प्रकारचा दयाळूपणाच आहे.

या आगमनकाळासाठी निश्चय

१. खरेदीपूर्वी कुटुंबाने एकत्र बसून यादी आणि खर्चाची मर्यादा ठरवावी. छोटी प्रार्थना म्हणून बाजारात जावे.

२. शक्य तेवढी खरेदी १७ डिसेंबरपूर्वी उरकावी. त्या दिवसापासून ख्रिस्तसभा प्रभुजन्माच्या तयारीच्या अखेरच्या टप्प्यात जाते. ते आठ दिवस प्रार्थनेसाठी आणि पापनिवेदनासाठी मोकळे ठेवावेत.

३. शिंपी, घरकामाच्या बाई, रंगारी आणि ऑर्डरवर फराळ करून देणाऱ्या भगिनी यांचे पैसे काम झाल्याच्या दिवशीच द्यावेत.

४. छोट्या विक्रेत्याकडे सुटे पैसे घेऊन जावे. मोबाइलवरून पैसे दिले तर ते पोहोचल्याची त्याची खात्री होईपर्यंत थांबावे.

५. घासाघीस करताना मालाला खोटी नावे ठेवू नयेत, आणि दुकान सोडताना आभार मानावेत, काही घेतले नसले तरी.

६. योहानाच्या अंगरख्याची आठवण ठेवून आपल्या यादीत एक वस्तू अशी घालावी, जी आपल्या घरासाठी नाही. ती देताना गाजावाजा करू नये.

समूहात चर्चेसाठी

१. आपण कुणाकडे जास्त घासाघीस करतो आणि कुणाकडे मुळीच करत नाही? असे का होते?

२. आपल्याला ओळखणाऱ्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला आपल्या वागण्यावरून नाताळविषयी काय समजले असेल?

३. आपल्या धर्मग्रामात नाताळचा खर्च कुणाला जड जातो? त्यांचा मान राखून आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या आईवडिलांनी गरिबांचे अर्पण हातात घेऊन मंदिराची पायरी चढली. आम्ही बाजारात जातो, तेव्हा आमच्याबरोबर ये. आमचा आवाज खाली राहू दे, आमचा हात मोकळा राहू दे आणि आमच्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये. जो आम्हाला विकतो त्याच्या घरीही या रात्री आनंद असू दे. तुझी वाट पाहताना एकमेकांसाठी थांबायला आम्हाला शिकव. आमेन.